हनुवटीखालचा हात

मावशीचं तोंड फटकळ आणि हात हलका, यावर अतिदक्षता विभागात कुणाचं दुमत नव्हतं. नर्सा, डॉक्टर, ऑक्सिजनच्या टाक्या ढकलत आणणारा माणूस, सगळे तिला मावशीच म्हणायचे. हजेरीला कुणी तिचं खरं नाव पुकारलं की तीच आधी मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून. बाहेरच्या चपला घालून कुणी आत पाऊल टाकलं, मग तो मोठा डॉक्टर का असेना, ती हातातला पोछा दारात आडवा घालून उभी राहायची. हिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही हे कळून चुकल्यामुळे मोठे डॉक्टरही गुमान चपला बदलायचे.

तिचं काम लांबून बघणाऱ्याला सोपं वाटतं. बेशुद्ध माणसाला या कुशीवरून त्या कुशीवर करा, पाठ पुसा, तोंडातली चिकट लाळ काढा, खालची चादर बदला, झालं. करून बघावं एकदा कुणीतरी. शुद्ध हरपलेला माणूस दुप्पट जड होतो, आणि तो तक्रार करत नाही म्हणून त्याला कसाही ओढायचा नसतो. भेटीच्या वेळेआधी मावशी प्रत्येकाचे केस विंचरायची, म्हणजे नळ्यांच्या गुंत्यातही घरच्यांना आपला माणूस चटकन ओळखू यावा. टक्कल असलेल्यांच्या डोक्यावरूनही ती ओला हात फिरवायची. त्यांनी काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं.

कामाला लागली तेव्हा एका म्हाताऱ्या नर्सनं तिला एक गोष्ट शिकवली होती. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते आणि घशाची वाट बुजते. श्वास घरघरायला लागतो, छाती वरखाली होते, पण हवा आत जात नाही. अशा वेळी हनुवटीखाली दोन बोटं द्यायची आणि जबडा हळूच वर उचलून धरायचा. वाट मोकळी होते, आवाज थांबतो, कपाळावरच्या आठ्या जातात. ही सवय मावशीच्या इतकी अंगवळणी पडली, की एकदा बसमध्ये डुलकी घेता घेता तिनं शेजारी घोरणाऱ्या परक्या गृहस्थाची हनुवटी उचलून धरली. तो दचकून जागा झाला, बसभर हशा पिकला, आणि मावशीनं उलट त्यालाच सुनावलं की नाकाचं काहीतरी करून घ्या आधी. हा किस्सा घरी सांगितला तेव्हा तिच्या नवऱ्याला हसून हसून ठसका लागला होता.

नवरा खुर्च्या शिवायचा. नाटकगृहातल्या, सलूनमधल्या, दातांच्या दवाखान्यातल्या फाटक्या खुर्च्या उसवायच्या, नवा स्पंज घालायचा, कापड ताणून बारीक खिळे मारायचे. ते खिळे तोंडात धरून बोलायची त्याला खोड होती, त्यामुळे त्याचे अर्धे विनोद कुणाला कळायचेच नाहीत आणि तो एकटाच हसत बसायचा. मूलबाळ नव्हतं. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नव्हतं आणि भांडल्यावाचून दिवस जात नव्हता.

अशा माणसाला लिव्हरनं दगा दिला. आधी अंगभर खाज, मग डोळे पिवळे, मग पोटात पाणी भरून ही एवढी ढेरी. शरीरच आपल्या लिव्हरला परकं समजून कुरतडतंय, असं डॉक्टर म्हणाले. पण लोकांना लिव्हर म्हटलं की बाटलीच दिसते. दारूला जन्मात न शिवलेला माणूस, आणि शेजारीपाजारी त्याला ती सोडून दे म्हणून उपदेश करायला यायचे. निदान प्यायलो तरी असतो, असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. पुढे पुढे रक्तातलं विष डोक्यात चढायला लागलं. एके दिवशी मावशी कामावरून घरी आली तर हा खुर्चीचा नवाकोरा स्पंज पाण्याच्या बादलीत बुडवून बसलेला, आणि हे कुणी केलं म्हणून तिलाच विचारत होता.

नवं लिव्हर बसवल्याशिवाय हा माणूस वाचत नाही, असं नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलनं सांगितलं. माझ्यातला तुकडा घ्या म्हणून मावशी पुढे झाली, तर तिचा रक्तगट जुळेना. धाकट्या दिराचा जुळला, तर त्याच्या लिव्हरवर चरबी निघाली. मग एकच उरलं, कुणीतरी मरायची वाट बघत बसायचं.

त्यातही दोन तऱ्हा असतात. काहींचा मेंदू पुरता मरतो, पण यंत्राच्या जोरावर हृदय चालू असतं, तेव्हा त्यांचे अवयव सावकाश काढता येतात. दुसऱ्या तऱ्हेत मेंदू पुरता मेलेला नसतो, मात्र माणूस परत येणार नाही हे पक्कं झालेलं असतं. यंत्र थांबवायचं ठरल्यावर घरच्यांनी अवयव द्यायला होकार दिला, तर श्वासाची नळी काढतात आणि हृदय आपसूक थांबायची वाट बघतात. थांबल्यावरही पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही, आणि मग लगबगीनं लिव्हर काढायचं. अडचण एवढीच, की हृदय लवकर थांबावं लागतं. साधारण अर्ध्या तासापलीकडे रेंगाळलं, तर अपुऱ्या हवेवर लिव्हर नासतं आणि कुणालाच देता येत नाही. मावशीच्या नवऱ्याला दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा या दुसऱ्या तऱ्हेचं. पहिल्या वेळी तिकडच्या माणसाचं हृदय थांबायलाच तयार नव्हतं. चिवट होता बिचारा, असं म्हणून नवऱ्यानं हॉस्पिटलचा झगा उतरवला आणि दोघं उपाशीपोटी परत आली. दुसऱ्या वेळी हृदय थांबलं, पण बाहेर काढलेलं लिव्हर आतून खराब निघालं. त्या दिवशी डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की याच्या अंगात आता जोर राहिलेला नाही. आणखी एकदा फोन आला तर करू. त्यानंतर हा ऑपरेशनच्या टेबलावर टिकायचा नाही.

तेव्हापासून मावशीचा जीव टांगणीला लागला. खोटं कशाला बोला, ती लोकांच्या मरणावर डोळा ठेवून बसली. रस्त्यात सायरन वाजला की तिच्या मनात पहिलं हेच यायचं, मग स्वतःचीच किळस यायची, आणि पुढचा सायरन वाजला की पुन्हा तेच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिला वाटायचं, लाजही नसते.

त्याच दिवसांत खिडकीजवळच्या खाटेवर मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवायचे. वर्गात फळ्यापाशी उभे असताना हृदय बंद पडलं आणि कोसळले. हृदय पुन्हा चालू झालं, पण मधल्या वेळात मेंदूला हवाच मिळाली नाही. मावशीनं त्यांचं अंग पुसलं तेव्हा नखांत हिरवा रंग बसलेला होता. तिनं तेल लावून, काडी फिरवून, सगळे उपाय केले, रंग काही निघाला नाही.

मास्तरांची आई रोज यायची. वाळकी, ताठ कण्याची, पोस्टात नोकरी करून एकटीनं मुलगा वाढवलेली बाई. रडायची नाही, नुसती बसून मावशीचे हात बघायची. एकदा म्हणाली, हा तुमच्या हातात असला की माझ्या जिवाला घोर नसतो. मावशी तिला काकू म्हणायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून यंत्र थांबवावं असं सांगितलं, तेव्हा काकूंनी ऐकून घेतलं, पुष्कळ वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि मग आपणहून विचारलं की याचं काही कुणाच्या कामी येईल का. अवयवदानाचं काम बघणारी बाई आली, तिनं सगळं समजावलं. काकूंनी सगळ्याला होकार दिला आणि एकच मागणी केली. नळी काढताना मावशी त्याच्यापाशी हवी.

दुपारचं ठरलं. मावशी मास्तरांचे केस विंचरत होती तेवढ्यात तिच्या दिराचा फोन आला. त्याच्या आवाजाला नुसती धाप लागलेली. मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलंय, वहिनी, मी दादाला घेऊन निघालोय. हृदय थांबल्यावरचं आहे म्हणाले, दुपारी काढणार. दादा तुझ्यासाठी निरोप देतोय की येताना चिवडाबिवडा नको, आता पोटभर जेवण लागेल. मावशीनं फोन ठेवला आणि खाटेच्या पायथ्याशी लावलेला रक्तगट बघितला. तोच होता. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हतं, पण दोन आणि दोन चार तिलाही करता येत होते.

तिनं तेव्हाच मोठ्या नर्सला बाजूला घेऊन हे सांगायला हवं होतं. नर्सनं दुसऱ्या कुणाला तरी तिच्या जागी उभं केलं असतं आणि तिला नवऱ्याकडे पाठवलं असतं. मावशी बोलली नाही. काकूंना शब्द दिला होता हे खरं, पण ते अर्धंच खरं. तिला बघायचं होतं. मास्तर वेळेत जातात की नाही, हे तिला उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

ऑपरेशनच्या दालनाला लागून एक लहान खोली होती, तिथं मास्तरांना नेलं. लिव्हर काढणारे डॉक्टर दाराच्या पलीकडे थांबले. माणूस जाईपर्यंत त्यांनी अलीकडे पाऊल टाकायचं नाही, असा नियमच असतो. अलीकडे विभागातले डॉक्टर, एक नर्स, काकू आणि मावशी. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं की आपण घाई करणार नाही आणि लांबवणारही नाही, फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. आकड्यांचा पडदा काकूंना दिसू नये म्हणून भिंतीकडे वळवला होता, पण मावशी उभी होती तिथून तो दिसत होता. नळी काढली. मावशीनं ओठांवरचा चिकटपट्टीचा डिंक पुसला, आणि काकूंनी मुलाचा हात हातात घेतला.

थोडा वेळ श्वास नीट चालला. मग जीभ मागे पडली आणि ती घरघर सुरू झाली. ज्यानं ती ऐकलीय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकली नाही तो सुखी. नर्सनं औषध दिलं. त्यांना आता काही जाणवत नाहीये, असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागला. मावशी त्याच्यावर नजर खिळवून होती. जाऊ दे, ती मनात म्हणत होती, देवा, जाऊ दे यांना लवकर. नदीपलीकडे माझा माणूस झगा घालून बसलाय. हातातोंडाशी आलेला घास आहे, आता नको काढून घेऊस.

"मावशी, गुदमरतोय हो तो," काकू म्हणाल्या.

मावशीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की घरघर थांबलीय. तिची दोन बोटं मास्तरांच्या हनुवटीखाली होती. कधी गेली, तिलाच कळलं नव्हतं. छाती शांतपणे वर आली, खाली गेली, कपाळ सैल झालं. आकडा चढायला लागला.

तिनं हात काढून घेतला आणि उशी सारखी करायचं निमित्त केलं. घरघर परत सुरू झाली, आधीपेक्षा मोठी. आकडा पुन्हा उतरायला लागला. मावशी उशीचा कोपरा मुठीत धरून उभी राहिली आणि तिनं मास्तरांकडे बघायचं नाही असं ठरवलं. नवऱ्याचा पिवळा चेहरा तिनं मुद्दाम डोळ्यांसमोर आणला. आता थोडंच राहिलंय, ती स्वतःला सांगत होती, थोडा वेळ दगड हो.

काकू उठल्या, मुलाचा हात खाली ठेवला, आणि मघाशी मावशीनं केलं तसं करायला गेल्या. पण त्यांना ते येत नव्हतं. त्यांनी भलतीकडेच धरलं, गळ्यावर, आणि वर उचलायच्या नादात त्या आपल्याच मुलाचा गळा दाबत होत्या. घरघर जास्तच कोंडली. त्यांनी मान वर करून मावशीकडे पाहिलं, आणि इतके दिवस न रडलेल्या बाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तसं नाही, काकू," मावशी म्हणाली. "द्या इकडे."

तिनं काकूंचा हात बाजूला केला आणि आपला ठेवला. मग तो काढला नाही. नर्सनं एकदा बघितलं आणि नजर खाली केली. मावशी नियमाबाहेरचं काही करत नव्हती, रोजचंच करत होती. मास्तर झोपल्यासारखा श्वास घेत राहिले. मावशीला रडू फुटत होतं आणि ती ते गिळत होती, कारण रडली असती तर हात हलला असता. आपण आपल्या माणसाला मारतोय, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि तरी तिचा हात निघत नव्हता.

मुदत उलटून गेली. पलीकडचं दार उघडलं, कुणीतरी डॉक्टरांकडे बघून मान हलवली, आणि दार लागलं. डॉक्टरांनी काकूंना समजावून सांगितलं की आता अवयव घेता येणार नाहीत. मास्तरांना परत खिडकीपाशी आणलं आणि दिवस कलायच्या आत ते गेले, काही त्रास न होता. मावशीनं त्यांचे केस परत एकदा सारखे केले.

काकू खाटेच्या कडेला बसल्या होत्या. एवढं देऊ केलं, तेही कुणाच्या उपयोगी पडलं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी मावशीचा हात धरला.

"ज्या कुणाला मिळणार होतं, त्याला दुसरं मिळेल ना हो?"

"मिळेल, काकू," मावशी म्हणाली.

नदीपलीकडे जायला तिनं बस पकडली. मोठ्या हॉस्पिटलात नवऱ्याला केव्हाच सांगून टाकलं होतं. दीर रिक्षा बघायला खाली गेला होता. नवरा खाटेवर झग्यातच बसलेला, पिवळे पाय लोंबत. तिला बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला. हाही चिवटच निघाला, म्हणाला, माझ्याच वाट्याला बरे असे नेमके येतात. एवढं बोलूनही त्याला दम लागला.

न सांगता निभावलं असतं. त्याला कळायचा काही मार्गच नव्हता. पण या माणसापासून तिनं आजवर साधी फुटलेली कपबशी लपवली नव्हती. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मास्तर, काकू, पडद्यावरचा आकडा, आपण मरण मागत उभ्या होतो ते, आणि मग हात. तो ऐकत गेला तसं त्याच्या चेहऱ्यावरचं ते अर्धवट हसू हळूहळू गेलं.

"सोडायचा होतास हात," तो म्हणाला.

"सोडला होता. एकदा."

"मग?"

"त्याची आई बघत होती माझ्याकडे."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

"आणि मी? मी कुणाकडे बघायचं होतं?"

त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. आता हा आपल्याशी कधी बोलायचा नाही, असं तिला वाटलं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटलं. पण तो पाठमोरा तसाच थांबून राहिला.

"मागची गाठ सोड," तो म्हणाला. "माझा हात पोचत नाही."

सकाळपासून घामानं भिजून झग्याच्या नाड्या आवळून बसल्या होत्या. उघड्या पाठीवर मणका न मणका मोजता येत होता. ती नखांनी गाठ उकलत राहिली. भिंतीकडे तोंड करून तो अगदी हळू म्हणाला, "मला जगायचं होतं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि खालच्या गाठीला हात घातला.